जी-एचची वही : प्रकल्प नोंदी

18 जून 2024

शाळा सुरू झाली. यंदा सहावी ते आठवीच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांची एक हस्तलिखित वही करायची आहे. तिच्यात फक्त असे शब्द घ्यायचे, ज्यांच्यात जी आणि एच ही दोन अक्षरं एकमेकांना लागून येतात: लाइट, नाइट, डॉटर, थॉट, वेट, रफ, थ्रू, घोस्ट.

हीच जोडी घेण्याचं कारण आमच्या मुलांच्या नावांत आहे. देवगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर घाडी आडनावाची मुलं वर्गावर्गांत असतात. ती आपलं आडनाव इंग्रजीत जी-एचने लिहितात. मेघना, राघव, घाट, घर, सगळीकडे जी-एच म्हणजे घ. हा नियम मुलाला पहिलीपासून ठाऊक असतो आणि तो नियम लावून ते लाइटला 'लिघ्ट' आणि थॉटला 'थौघ्ट' वाचतं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर यात काही चुकलेलं नाही. त्याच्याकडे असलेला नियम त्याने नीट वापरला. आपणच मग त्याला सांगतो की इथे जी-एच सायलेंट आहे, पाठ कर. पुढच्या तासाला रफ येतो आणि तिथे तोच जी-एच फ होतो. तेही पाठ कर. या दोन 'पाठ कर'च्या मध्ये इंग्रजीवरचा मुलाचा विश्वास उडतो.

आज सातवीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "बाई, जा बोलूचा नाय, ता लिवूचा कित्याक?" प्रश्न तिच्याच बोलीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. 'इंग्रजी अशीच असते' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. वहीतून खरं उत्तर मिळालं पाहिजे.

21 जून

शब्द गोळा करणं सुरू. बालभारतीच्या पाचवी ते आठवीच्या पुस्तकांतले शब्द आठवीच्या मुलांनी काढले. बाकीच्यांना गावातल्या पाट्या, डबे, गाड्या वाचायला सांगितल्या. हायवे आणि वे-ब्रिज महामार्गावरून आले, लाइटहाउस किल्ल्यावरून. आमरसाच्या डब्यावरून नेट वेट, एका पुस्तकाच्या मलपृष्ठावरून कॉपीराइट. एका मुलाने रात्री गावात वस्तीला राहणाऱ्या एसटीच्या वाहकाला विचारून 'नाइट हॉल्ट' हा शब्द आणला.

27 जून

मच्छीमार सोसायटीच्या फलकावर हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक लावतात. मासेमारी बंद असल्यामुळे फलकापुढे गर्दी नव्हती, त्यामुळे मुलांना तिथेच उभं करून वाचायला घेता आलं. पावसाळ्यातल्या या पत्रकांत काही शब्द सतत येतात, आणि वहीच्या दृष्टीने हा खजिनाच निघाला. समुद्र 'रफ टु व्हेरी रफ', दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत 'ऑफशोअर ट्रफ', आणि कुठे कुठे 'थ्रू'. तिन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच. दोघांत फ ऐकू येतो, तिसऱ्यात काहीच नाही.

आधी अर्थ पक्के केले. रफ म्हणजे खवळलेला, हे मुलांना सांगावं लागत नाही. पण हा शब्द पत्रकात मोघम वापरत नाहीत हे त्यांना नवं होतं. समुद्राची स्थिती मोजायचं एक माप ठरलेलं आहे. त्यात लाटांची उंची अडीच ते चार मीटर असली की रफ, चार ते सहा मीटर असली की व्हेरी रफ, आणि सहाच्या वर नऊपर्यंत हाय. म्हणजे त्या मापातली हाय ही पायरीसुद्धा जी-एचचीच. सोबत आलेले तांडेलकाका ऐकत होते. ते म्हणाले, "चार मीटर म्हणजे होडयेतसून समोरची होडी दिसाची नाय." वहीत रफच्या पानावर अर्थ म्हणून हेच वाक्य घालायचं ठरवलं. कोशातल्या अर्थापेक्षा ते मुलांच्या जास्त लक्षात राहील.

ट्रफला वेळ लागला. किनाऱ्याला समांतर पसरलेला कमी दाबाचा लांबट पट्टा. तो जोरात असला की आमच्याकडे पाऊस थांबत नाही. पण ट्रफचा जुना अर्थ लाकूड कोरून केलेलं लांबट भांडं, गुरांना पाणी किंवा खाणं घालायचं. ती आमची दोण. विहिरीजवळ दगडाची दोण अजून काही घरांत आहे. हवामानाच्या मराठीत ट्रफला द्रोणीय पट्टा म्हणतात, तेही द्रोणावरूनच. आणि ही नुसती भाषांतराची जुळणी नाही. ट्रफ आणि संस्कृत द्रोण हे दोन्ही शब्द लाकूड किंवा झाड अशा अर्थाच्या एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत; आपला दारु म्हणजे लाकूड, देवदारमधला, हाही त्याच घरातला. ट्रफचं पान काढताना आकाशातला पट्टा आणि विहिरीवरची दोण अशी दोन्ही चित्रं शेजारी काढायची.

उच्चाराबद्दल एक टीप: आपल्याकडे सगळे 'ट्रफ' म्हणतात, इंग्रजी कोशात तो 'ट्रॉफ' आहे. वहीत दोन्ही लिहू. मुलाने बातम्यांत ऐकलेलं खोटं ठरवायची गरज नाही.

3 जुलै

कागद सर्दावतो. साध्या स्केचपेनची शाई दोन दिवसांत फुटते, म्हणून वॉटरप्रूफ मार्कर आणि जाड कार्डशीट. वर्गात टांगायची कार्डं तंगुशीवर, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीवर, ओवायची. सुतळीला बुरशी धरते, तंगुशीला नाही.

रंग ठरले. जिथे जी-एच ऐकू येत नाही तिथे ती दोन अक्षरं फिकट निळी. जिथे फ होतो तिथे लाल. जिथे खरोखर ग ऐकू येतो, घोस्टसारखा, तिथे हिरवी. मुक्या अक्षरांवर काट मारायची सूचना एका सहकाऱ्याने केली होती. ती घेतली नाही. काट मारली की मुलाला वाटतं हे अक्षर नकोच होतं. ते होतं, आणि कारणाने होतं.

9 जुलै

आज कारणाचं पान. सगळ्या वहीत हे पान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नाइट हा शब्द 'निख़्ट'च्या जवळपास उच्चारत. मधला आवाज साध्या ख सारखा नाही. घशाच्या वरच्या भागातून हवा घासत सोडायची, न थांबवता. त्या काळचे लेखनिक तो आवाज नुसत्या एचने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, लिहिणाऱ्यांच्या सवयी बदलल्या आणि पुढच्या शतकांत त्या एचच्या जागी जी-एच लिहिणं रूढ झालं. म्हणजे जी-एच ही त्या घासत्या आवाजाची खूण होती. नंतर, साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात, बहुतेक इंग्लंडमध्ये तो आवाज बोलण्यातून गेला. पण 1476 मध्ये विल्यम कॅक्सटनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला होता आणि छापील पुस्तकांमुळे स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत चालली होती. जीभ पुढे गेली, कागद मागे राहिला.

हा आवाज कुठेच उरला नाही असंही नाही. स्कॉटलंडमध्ये तळ्याला 'लॉख़' म्हणतात, आणि तिथल्या बोलीत रात्रीला 'निख़्ट' अजून ऐकायला मिळतं. जर्मनमध्ये रात्र 'नाख़्ट', आठ 'आख़्ट', मुलगी 'टोख़्टर'. इंग्रजीत जिथे मुका जी-एच, तिथे जर्मनमध्ये बहुधा तो आवाज बसलेला. मुलांनी जोड्या लावल्या तेव्हा वर्गात शांतता नव्हती, प्रत्येकाला पुढचा शब्द सांगायचा होता.

आवाज काढून दाखवताना मी अडखळत होते. मोहल्ल्यातली सहावीतली मुलगी पुढे आली आणि तिने तो पहिल्या दमात काढला. मदरशात कुराण वाचताना अरबी 'ख़े' तिला रोज म्हणावा लागतो. मग तिने बाकीच्यांना शिकवलं: ख म्हणायला लागायचं पण जीभ टेकवायची नाही. कोकणी मुसलमानांच्या घरांत ख़बर, ख़ाला हे शब्द याच आवाजाने बोलतात, आणि त्या आवाजाला आपल्याकडे टिंब देऊन लिहायची सोय आहे. वहीतही तसंच लिहिलं. एका मुलाने विचारलं की मग इंग्रज लोक हिच्यासारखे बोलायचे का. होय, या एका बाबतीत तसेच.

16 जुलै

आता फ. हा आवाज काही शब्दांत गेला आणि काहींत फ झाला, असं का?

तोंडाचा चंबू करून उ म्हणायचा आणि ओठ तसेच ठेवून ख़ सोडायचा. ओठ जवळ असल्यामुळे हवा घशात घासायच्या ऐवजी ओठांशी घासल्यासारखी ऐकू येते. ऐकणाऱ्याला तो फ वाटू शकतो, आणि एकदा वाटला की पुढची पिढी फच म्हणते. रफ, टफ, इनफ, कॉफ, ट्रफ, लाफ यांत हे घडलं. या शब्दांत जी-एचच्या आधी ओठ गोल करायला लावणारा स्वर होता. उलट नाइट, लाइट, हाय यांत आधी इ सारखा पसरट स्वर होता, ओठ गोल होत नव्हते, म्हणून त्यांत फ कधी आला नाही. आय-जी-एच असलेल्या एकाही शब्दात जी-एचचा फ होत नाही. मुलांना हा नियम हातात मिळाल्यासारखा वाटला, कारण तो तोंडाने तपासता येतो.

मग दो म्हणजे जरी, थ्रू, बाउ म्हणजे फांदी, यांतही गोल स्वर होते, तिथे फ का नाही? वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे उच्चार चालत होते आणि शेवटी कुठल्या शब्दाला कुठला चिकटला याला एक सूत्र नाही. मुलांना तसंच सांगितलं.

कॉफच्या पानावर लाल चौकट घातली: कॉफ म्हणजे खोकला आणि आपला कफ यांचं काही नातं नाही. कॉफ खोकल्याच्या आवाजावरून झालेला शब्द आहे. औषधाच्या बाटलीवर 'कफ सिरप' वाचल्यामुळे सगळ्यांनी नातं गृहीत धरलं होतं. सारखं दिसतं म्हणून सोयरीक जोडायची नाही, हे याच पानावर शिकवता येईल.

23 जुलै

आय-जी-एच-टी कुटुंब. हे सर्वांत मोठं आणि सर्वांत शिस्तीचं. लाइट, नाइट, राइट, साइट, माइट, फाइट, टाइट, ब्राइट, फ्लाइट, स्लाइट, फ्राइट. एक ओळखलं की सगळे वाचता येतात. टी नसलेलेही तसेच: हाय, साय म्हणजे सुस्कारा, थाय म्हणजे मांडी.

जुळे आवाज स्वतंत्र पानावर घेतले. दिसण्याचा साइट जी-एचचा, जागेचा साइट बिनजी-एचचा. बरोबर या अर्थाचा राइट जी-एचचा, लिहिण्याचा राइट डब्ल्यूने सुरू. रात्रीचा नाइट आणि घोडेस्वार सरदार नाइट दोघेही जी-एचचे, पण सरदाराच्या पुढे के आहे. तो के सुद्धा पूर्वी बोलत. वजनाचा वेट जी-एचचा, थांबण्याचा वेट नाही. गावाबाहेर एका निवाऱ्याच्या पाटीवर जागेचा साइट लिहिला आहे आणि मालकाला म्हणायचं आहे 'समुद्र दिसतो'. मुलांनी ती पाटी आपणहून ओळखली.

30 जुलै

काही शब्दांत हा आवाज कधी नव्हताच, तरी जी-एच आहे. डिलाइट हा फ्रेंचमधून आलेला शब्द. तिकडे त्यात जी-एच नव्हता. इंग्रजीत लोकांनी लाइटकडे पाहून सोळाव्या शतकात त्यालाही तसाच जी-एच लावला. हॉटी म्हणजे गर्विष्ठ, त्याचंही तसंच, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ उंच. स्प्राइटलीमधला जी-एचही असाच देखादेखी आलेला. या तिघांना वहीत वेगळा, करडा रंग. आठवीतल्या मुलाने सुचवलं की यांना 'घुसलेले' म्हणूया. मला तो शब्द आवडला नाही. डिलाइटने काही घुसखोरी केली नाही, लिहिणाऱ्यांनी त्याला ते अक्षर दिलं. शेवटी शीर्षक ठरलं 'मागून मिळालेले'.

5 ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. सहावीतल्या एका मुलाने सांगितलं की आजीचं आज नक्त आहे, ती रात्रीच जेवणार. वहीत हे पान करायचं की नाही असा मी विचार करत होते. आजीने तो प्रश्न सोडवला. नक्त म्हणजे रात्र, आणि इंग्रजी नाइट त्याच मुळातला. संस्कृतातला क् जिथे आहे तिथेच इंग्रजीत जी-एच आहे.

1786 मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचा उगम एक असला पाहिजे. 1822 मध्ये जर्मन भाषाअभ्यासक याकोब ग्रिमने जर्मन कुटुंबातल्या भाषांत (इंग्रजी त्यातलीच) मुळातले आवाज ठरलेल्या रीतीने कसे बदलले ते मांडलं. जुना क् तिकडे ह-ख़ सारखा झाला, हा त्यातलाच एक बदल. म्हणून नक्तचा क् आणि नाइटचा जी-एच यांचं नातं नुसत्या सारखेपणावर उभं नाही. कॉफ आणि कफ यांच्यात आणि नाइट आणि नक्त यांच्यात हा फरक आहे. अशी जुळणी शब्दामागून शब्दात नियमाने होत राहिली, तरच नातं मानायचं.

पानावर घेतलेले शब्द: आठचा एट आणि अष्ट. मुलगी या अर्थाचा डॉटर आणि दुहिता. हलका या अर्थाचा लाइट आणि लघु. फांदी या अर्थाचा बाउ आणि बाहु. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ खांदा, दंड असाही होता. मळलेलं पीठ, डो, आणि देह; दोन्हींच्या मुळाशी लिंपणं, मळून आकार देणं. वजन करणं, वे, आणि वह्, ज्याच्यापासून वाहन. महामार्गावरच्या वजनकाट्यावर वाहनं उभी असतात, त्या पाटीवर दोन्ही भाऊ एकत्र येतात.

लघुपाशी मी जरा जास्त थांबले. मूल हलका या अर्थाच्या लाइटला 'लिघ्ट' वाचतं तेव्हा त्या शब्दाच्या संस्कृत भावंडात खरोखरच घ आहे. मुलाला हे सांगितलं पाहिजे. त्याने वाचलेला उच्चार आजच्या इंग्रजीत चालणार नाही, पण त्याला तिथे घ दिसला यात त्याची लाज काढण्यासारखं काही नाही.

हे पान आठवीसाठी. सहावीला फक्त नक्त आणि अष्ट.

13 ऑगस्ट

हिरवा रंग, म्हणजे ग ऐकू येणारे. घोस्ट जुन्या इंग्रजीत नुसत्या जीने लिहीत. कॅक्सटन छापखाना घालण्यापूर्वी बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजला होता, तिकडच्या फ्लेमिश भाषेत असा शब्द जी-एचने लिहायची पद्धत होती. त्यातून घोस्टमध्ये एच आला असं मानतात.

मग आपल्याकडून गेलेले: घी, घाट, घडियाल, डिंगी. डिंगी ऐकून मुलं उठून बसली. लहान होडीला किनाऱ्यावर सगळे डिंगी म्हणतात आणि हा इंग्रजी शब्द आहे असंच सगळ्यांना वाटतं. तो हिंदुस्थानी भाषांतून इंग्रजीत गेला. स्पेलिंगमध्ये एच घातला तो एवढ्यासाठी, की इंग्रज वाचकाने ग च म्हणावा, ज म्हणू नये. स्पघेटीत इटालियन लोक हेच करतात.

फॉगहॉर्न हा धुक्यात वाजवायचा भोंगा. त्यातला जी एका शब्दाचा शेवट आणि एच दुसऱ्याची सुरुवात. दोघांची जोडी नाहीच. त्याला रंग नाही, मध्ये उभी रेघ.

20 ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली. कार्डांचा पहिला संच तंगुशीवर चढवला. होड्या लोटल्यामुळे काही मुलं गैरहजर.

2 सप्टेंबर

गणपतीच्या सुटीपूर्वी शिक्षकांच्या खोलीत चांगली चर्चा झाली. एका सरांचं म्हणणं: मुलं मोबाइलवर थ्रू टी-एच-आर-यू असं लिहितात आणि जगाचं काही अडत नाही, मग आपण जी-एच कुरवाळत का बसायचं?

हा प्रश्न जुना आहे आणि मोठ्या माणसांनी तो हाताळला आहे. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने 1828 च्या आपल्या कोशात अनेक स्पेलिंगं सोपी केली. नांगराचा प्लाउ तिकडे आज जी-एचशिवाय लिहितात. 1906 मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर स्पेलिंग सोपं करणारं एक मंडळ निघालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला मंडळाची 300 शब्दांची यादी वापरायला सांगितलं. दो, थ्रू आणि थरो म्हणजे सखोल, यांचे जी-एच त्यात काढलेले होते. वर्तमानपत्रांनी टर उडवली, तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, विरोध केला आणि डिसेंबरपर्यंत हुकूम मागे गेला.

मी सरांना म्हटलं, इंग्रजांनी उद्या जी-एच काढला तर मला दुःख होणार नाही. पण आज माझ्या मुलाला परीक्षेत, अर्जात, हवामानाच्या पत्रकात तो भेटणारच आहे. भेटणाऱ्याची ओळख करून द्यावी. सरांना ते पूर्ण पटलं नाही. त्यांनी एक गोष्ट मात्र नेमकी सांगितली: वहीत इतिहास पुष्कळ झाला, पण अनोळखी शब्द समोर आला तर मुलाने करायचं काय? ते पान राहिलं होतं.

18 सप्टेंबर

सुटीनंतर तेच पान. वाचायचे नियम शब्दांच्या ढिगातूनच काढले, मुलांनी कार्डं लावत लावत.

आय-जी-एच आला की आय. आधी ई लागून ई-आय-जी-एच झालं की ए: एट, वेट, फ्रेट, नेबर, स्ले. अपवाद मुख्यतः दोन, उंचीचा हाइट आणि हातचलाखीचा स्लाइट. ए-यू-जी-एच आला की ऑ: कॉट, टॉट, डॉटर, नॉटी. अपवाद लाफ, लाफ्टर आणि ड्राफ्ट. डॉटर आणि लाफ्टर यांच्यात पहिल्या अक्षराशिवाय काही फरक नाही, म्हणून ही दोन कार्डं नेहमी शेजारी टांगायची.

राहिला ओ-यू-जी-एच. सगळे म्हणतात याला नियमच नाही. पण मुलांनी कार्डं दोन ढिगांत टाकल्यावर दिसलं की मागे टी असला तर शिस्त आहे: थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट, सगळे ऑट. ठळक अपवाद ड्राउट, म्हणजे अवर्षण. गोंधळ आहे तो शब्दाच्या शेवटी ओ-यू-जी-एच असताना. तिथे रफ, कॉफ, दो, थ्रू, बाउ, थरो असे सहा वेगळे उच्चार निघाले. त्यांच्यासाठी डोळ्यांचा नियम नाही, कानाने शिकायचे. गोंधळ इतका थोडा आहे हे दिसल्यावर मुलांना हायसं वाटलं, मलाही.

आठवीला न पाहिलेले शब्द दिले: प्लाइट, ब्लाइट, रॉट, स्लॉटर. बहुतेकांनी सगळे वाचले. रॉटच्या सुरुवातीचा डब्ल्यू पाहून एकाने विचारलं, हाही पूर्वी बोलायचे का? बोलायचे.

26 सप्टेंबर

पानांचा क्रम पक्का केला. आधी वाचायचे नियम, मग रंगीत कुटुंबं, मग जुळे आवाज, मग 'मागून मिळालेले', आणि कारणाची दोन पानं शेवटी. कारण शेवटी ठेवायला माझं मन तयार नव्हतं. पण सहावीच्या मुलाला आधी वाचता आलं पाहिजे. वाचता आल्यावर तो का विचारतो आणि मग ते पान उघडतो. गेले काही दिवस कार्डांपुढे हेच पाहिलं.

हिकप शेवटच्या पानावर. उचकीच्या आवाजावरून झालेला साधा शब्द, पण कोणीतरी त्याला खोकल्याशी जोडून शेवटी ओ-यू-जी-एच लावला. ते स्पेलिंग कोशात आहे आणि वाचायचं मात्र हिकप. जी-एच असून प चा आवाज देणारा वहीत हा एकटाच.

केंद्रातल्या दुसऱ्या शाळांनी झेरॉक्स मागितली आहे. झेरॉक्समध्ये रंग जातात. त्यांच्यासाठी मुके जी-एच पोकळ अक्षरांत, फ चे खाली रेघ मारून, ग चे जाड काढून पुन्हा लिहायची आहेत. आठवीच्या मुलींनी शनिवारी बसायचं कबूल केलं आहे.